तळव्यावरच्या पुळ्या : पू आहे, पण जंतू नाहीत

मंडळी, तळहातावर किंवा तळपायावर पिवळ्या पुळ्या उठल्या की मेडिकलमधून अँटिबायोटिकचा कोर्स आणला जातो. पू म्हणजे जंतू, हा हिशेब एरवी बरोबर असतो. पाल्मोप्लँटर पस्ट्युलोसिस या दुर्मिळ आजारात मात्र तो चुकतो. इथं शरीराच्याच पांढऱ्या पेशी त्वचेच्या वरच्या थरात येऊन साठतात. त्यामुळे हा आजार हात हातात घेतल्यानं किंवा एका ताटात जेवल्यानं कुणाला लागत नाही. घरातल्या बाईचं ताट-तांब्या वेगळं करणाऱ्यांना हे ठासून सांगायला हवं, कारण चाळिशी-पन्नाशीतल्या बायकांतच तो जास्त दिसतो.

ओळखायचा कसा? तळपायाचा खोलगट भाग, टाचेची कडा आणि तळहातावरचा अंगठ्याखालचा उंचवटा नीट पाहा. टाचणीच्या डोक्याएवढ्या ताज्या पिवळ्या पुळ्या, त्यांच्या शेजारी काही दिवसांत सुकून तपकिरी झालेले ठिपके, भोवती लाल, सोलवटणारी कातडी आणि तिला पडलेल्या खोल भेगा. हे सगळं एकाच वेळी दिसतं. आग होते, ठणकतं. कोयता धरणाऱ्या किंवा दिवसभर कापूस वेचणाऱ्या हाताला ते सोसवत नाही.

पण नायटाही असाच दिसू शकतो. म्हणून आधी डॉक्टरांकडून खवल्यांची तपासणी. कडेची कातडी ब्लेडनं हलकेच खरवडायची, काचपट्टीवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे शोधायचे. छत्रपती संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाई, लातूर, नांदेड इथल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत त्वचारोग विभाग आहेत. तिथं जाण्याआधी स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब चोळू नका. तिनं नायट्याचं रूप बदलतं, आणि मग तो डॉक्टरांनाही लवकर ओळखू येत नाही.

आता बिडी-सिगारेट. या आजाराच्या रुग्णांत धूम्रपान करणारे किंवा पूर्वी करत असलेले फार मोठ्या संख्येनं आढळतात. सोडल्यावर पुळ्या लगेच थांबतील असं नाही, पण महिन्यांच्या हिशेबात फरक पडू शकतो. माझ्या मते औषधाच्या चिठ्ठीवर पहिली ओळ हीच असावी. थायरॉइडची तपासणीही करून घ्यावी, आणि गळ्याखाली, छातीच्या हाडाजवळ दुखत असेल तर ते आवर्जून सांगावं. या आजारात काहींचे तिथले सांधेही सुजतात.

नायटा नाही हे ठरल्यावर डॉक्टर जे मलम देतात ते सहसा क्लोबेटासॉल ०.०५ टक्के, म्हणजे तीव्र स्टेरॉइडचं. तळव्याची कातडी जाड असते, त्यामुळे नुसतं पुसल्यासारखं लावून ते आत जात नाही. रात्री कोमट पाण्यात दहा मिनिटं पाय ठेवा आणि हलकेच टिपून घ्या. पुळ्या फोडू नका. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर मावेल एवढी मलमाची रेघ, म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम, दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. डॉक्टरांनी सांगितलं असेल तरच वरून प्लॅस्टिक गुंडाळून मोजा घाला. जखम चिघळली असेल तर गुंडाळायचं नाही. दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा दाखवायचं. तीच ट्यूब महिनोन्‌महिने चालवली तर कातडी पातळ होते. दिवसा पेट्रोलियम जेली भरपूर लावा. शेतात अनवाणी जाऊ नका. रबरी बूट घालायचे तर आत सुती मोजे हवेत, आणि घामानं भिजले की बदलायचे.

मलमानं भागलं नाही तर अतिनील किरणांचे उपचार किंवा पोटात घ्यायची औषधं असतात. ॲसिट्रेटिन घेताना आणि बंद केल्यावर तीन वर्षं गर्भधारणा टाळावीच लागते, म्हणून तरुण स्त्रियांना ते सहसा देत नाहीत. स्टेरॉइडच्या गोळ्या मनानं घेऊ नका. त्या थांबवल्या की पुळ्या पुन्हा जोरात उठू शकतात. मेथोट्रेक्सेट हे औषध दिलं तर ते आठवड्यातून एकदाच. रोज घेतलं तर जिवावर बेततं. डॉक्टरांकडून वार ठरवून घ्या, मोठ्या अक्षरात पाकिटावर लिहा, आणि घरातल्या दुसऱ्या एका माणसालाही तो वार सांगून ठेवा.