प्रार्थनेच्या वहीतला उजवा रकाना

(उपवासकाळातल्या एका सभेत दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

पाळकसाहेब, अध्यक्षबाई आणि मंडळी, सर्वांना सलाम.

प्रार्थनेची वही ठेवल्यानं माणसाचा विश्वास बळकट कसा होतो, हे सांगायला मला बोलावलंय. ते मी सांगणारच आहे. पण आधी मनात साठलेलं एक बोलू द्या. उपवासकाळात नाही बोलायचं तर कधी बोलायचं?

आपण फार मोघम प्रार्थना करतो. ‘हे प्रभो, आजाऱ्यांना स्पर्श कर, प्रवास करणाऱ्यांना सुखरूप पोहोचव, सर्वांना आशीर्वादित कर.’ कुणी प्रार्थनेला उभं राहिलं की पुढचं वाक्य शेवटच्या बाकावरच्या पोरालाही आधीच पाठ असतं. (हशा) हसताय, म्हणजे पटलंय. आता मला सांगा, ‘सर्वांना आशीर्वादित कर’ ही प्रार्थना ऐकली गेली की नाही, हे ओळखायचं कशावरून? तिला होकार मिळाला तरी कळत नाही, नकार मिळाला तरी कळत नाही. डॉक्टरपुढे बसून ‘मला बरं करा’ एवढंच म्हणून कुणी उठून येतं का? दुखतंय कुठं, कधीपासून, सगळं सांगतो आपण. यरीहोच्या रस्त्यावर बार्तीमय ओरडत होता, तो आंधळा आहे हे गर्दीतल्या प्रत्येकाला दिसत होतं. तरी येशूनं त्याला विचारलं, मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? त्याच्या तोंडून ते यायला हवं होतं. आणि त्यानं दृष्टी मागितली. नुसता आशीर्वाद मागितला नाही.

म्हणून मी वहीचा आग्रह धरते. हातात पेन आलं की मोघम लिहवत नाही. ‘सर्वांना आशीर्वादित कर’ असं रोज लिहून बघा, चौथ्या दिवशी हात आपोआप थांबेल. मग खरं काय ते लिहावं लागतं. जावेशी सहा महिने बोलणं नाही. मुलाचा हप्ता थकलाय. नवऱ्याचं पिणं. हे सभेत उभं राहून म्हणता येत नाही, मला ठाऊक आहे. वहीत म्हणता येतं.

आता जॉर्ज म्यूलर. इथल्या थोरल्या मंडळींनी हे नाव शब्बाथशाळेपासून ऐकलंय, पण मला जो प्रसंग सर्वांत आवडतो तो फारसा कुणी सांगत नाही. म्यूलर १८०५ साली प्रशियात जन्मला, पुढं इंग्लंडात ब्रिस्टलला स्थायिक झाला. पाळक असूनही १८३० मध्येच त्यानं ठराविक पगार घेणं सोडलं होतं. अनाथाश्रम काढायचं त्याच्या मनात आलं. पोरक्या लेकरांची सोय हा एक हेतू होताच, पण त्याचा पहिला हेतू निराळा होता. देव आजही प्रार्थना ऐकतो, याचा डोळ्यांना दिसेल असा पुरावा त्याला लोकांसमोर ठेवायचा होता. ५ डिसेंबर १८३५ रोजी तो ८१वं स्तोत्र वाचत होता. तिथं देव म्हणतो, तोंड मोठं उघड, मी ते भरीन. आणि यानं उघडलं! मागितलं काय? एक घर, मुलांना सांभाळणारी योग्य माणसं आणि एक हजार पौंड. आकडा टाकून मागितलं, बरं का. आणि तारखेनिशी लिहून ठेवलं.

माणसांकडे त्यानं एकदाही हात पसरला नाही. तरी वस्तू येऊ लागल्या आणि प्रत्येक वस्तू वहीत उतरू लागली. ताटल्या, वाडगे, मग, कापड, सुऱ्या, काटे. एक किसणीसुद्धा! मला त्या किसणीचं फार कौतुक वाटतं. कुणीतरी आपल्या स्वयंपाकघरातून उचलून आणून दिली असेल. आपण असतो तर ‘भांडी मिळाली’ एवढं लिहून मोकळे झालो असतो. त्यानं किसणी लिहिली, कारण त्याच्या लेखी तीही देवाकडून आली होती.

घर मिळालं. माणसं मिळाली. मुलांचे अर्ज घ्यायचा दिवस ठरला, ३ फेब्रुवारी १८३६. म्यूलर ठरल्या जागी जाऊन बसला. आणि मंडळी, एकही अर्ज आला नाही. एकही नाही! ब्रिस्टलसारख्या शहरात काय अनाथ मुलं नव्हती? पण दाराशी कुणी फिरकलं नाही. तो घरी परतला आणि विचार करता करता त्याच्या ध्यानात आलं, की आपण घर मागितलं, पैसा मागितला, माणसं मागितली, पण मुलं मागितलीच नाहीत. मुलं काय, येतीलच, असं गृहीत धरलं होतं. त्या संध्याकाळी तो देवापुढे पालथा पडला आणि त्यानं मुलं मागितली. दुसऱ्या दिवशी पहिला अर्ज आला.

मी या प्रसंगावर इतका वेळ का घालवतेय? कारण हे त्यानं लिहून ठेवलं आणि छापलंही. साक्ष द्यायला उभं राहिलं की आपण फक्त शेवट सांगतो, नोकरी लागली, गाठ विरघळली, प्रभूची स्तुती असो. मधला तो रिकामा दिवस कुणी सांगत नाही. मग ज्याच्या दाराशी अजून कुणी फिरकलेलं नाही, तो घरी जाऊन म्हणतो, देव सगळ्यांचं ऐकतो, माझंच ऐकत नाही. किती जणांची श्रद्धा अशी आतल्या आत खचलेली मी पाहिलीय. त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

हजार पौंडांचं सांगायचं राहिलं. ते १५ जून १८३७ रोजी पुरे झाले, मागितल्यापासून अठरा महिने आणि दहा दिवसांनी. हा हिशेब त्यानं स्वतः मांडलाय. वही नसती तर ‘देवानं लवकरच पुरवलं’ असं तोच म्हणाला असता, आणि ते खरं नव्हतं. पुढं ब्रिस्टलमध्येच ॲशली डाऊनला पाच मोठ्या इमारती उभ्या राहिल्या, त्याच्या आश्रमांत त्याच्या हयातीत दहा हजारांवर मुलं वाढली. पण त्या इमारतींच्याही आधी, १८४४ च्या नोव्हेंबरात, त्यानं पाच माणसांच्या तारणासाठी रोज प्रार्थना सुरू केली. पहिला विश्वासाकडे वळला दीड वर्षानं, दुसरा त्यानंतर पाच वर्षांनी, तिसरा आणखी सहा वर्षांनी. छत्तीस वर्षं झाली तरी दोघे राहिलेच होते. आणि तो मागतच होता.

याचा आपल्याशी काय संबंध, असं कुणाला वाटेल. केडगावच्या मुक्ती मिशनला जाऊन या. पंडिता रमाबाईंनी म्यूलरचं चरित्र वाचलं आणि त्यांना प्रश्न पडला, की देवावर असा भार टाकणं हिंदुस्थानात का शक्य होऊ नये? हे त्यांनीच आपल्या साक्षीत लिहिलंय. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आईवडील गमावलेली ही बाई. १८९६-९७ च्या दुष्काळात ती मध्य प्रांतात गेली आणि तीनशेच्या आसपास मुली घेऊन आली. मुक्तीचं काम त्यातूनच उभं राहिलं. ब्रिस्टलच्या वहीतली शाई आपल्या दौंड तालुक्यात उतरली, असं मी तरी मानते.

आता घरातलं सांगते. माझ्या आईची वही म्हणजे लाल कापडी बांधणीची, दुकानदार वापरतात तसली लांबट चोपडी. डाव्या रकान्यात तारीख आणि मागणं, उजवा रकाना उत्तरासाठी. ‘विहिरीला पाणी’, उजवीकडे पावसाची तारीख. ‘मोठीच्या फीचे पैसे’, उजवीकडे कुणी दिले त्याचं नाव. आणि एका पानावर ‘धाकट्याचा ताप उतरू दे’. सलग काही दिवस तेच मागणं. माझा तो भाऊ राहिला नाही. उजवा रकाना कोरा आहे. तिथं तिनं ‘प्रभूची इच्छा’ असंही लिहिलेलं नाही. आपण बायका ते पटकन लिहितो, पुष्कळदा दुसऱ्याला बरं वाटावं म्हणून. तिनं नाही लिहिलं. पुढची पानंही बरीच कोरी आहेत. मग त्याच अक्षरात, त्याच रकान्यात, शेजारणीच्या बाळंतपणासाठी मागणं सुरू होतं. आईचा विश्वास मला कुठं दिसत असेल तर त्या पानावर.

अध्यक्षबाईंची चिठ्ठी आली. पाच मिनिटं. (हशा) ज्या विषयासाठी बोलावलंत तो आता भरभर सांगते.

विश्वास वाढतो तो पहिल्यांदा आठवणीमुळे. आपलं मन दुःख जपतं आणि उपकार विसरतं. ७७वं स्तोत्र काढा. सुरुवातीला त्या माणसाला झोप नाही, देव विसरला का म्हणून तो विचारतो, आणि मग जुनी कृत्यं आठवायला लागतो. यार्देन ओलांडल्यावर यहोशवानं बारा धोंडे उभे करवले ते याचसाठी, की पुढं पोरांनी विचारलं तर सांगता यावं.

दुसरं, वहीत आपली मागणी बदलताना दिसते. ‘सासूबाईंचा स्वभाव बदल’ हे वर्षभरानं ‘मला त्यांच्याशी नीट बोलता येऊ दे’ असं होतं. हे कुणी शिकवत नाही. मागचं पान वाचताना आपलं आपल्याला कळतं.

तिसरं, भांडायला घाबरू नका. १३व्या स्तोत्रात दावीद ‘कुठवर?’ म्हणून चार वेळा विचारतो. आपल्याकडे तुकोबा विठ्ठलाशी किती भांडले! आणि रेव्हरंड टिळक तर तुकोबांच्याच पुलावरून ख्रिस्ताकडे आलो म्हणायचे. वहीत राग लिहिला म्हणून देव रुसत नाही.

वही कशी ठेवायची? साधी शंभर पानी घ्या. नव्या वर्षाला वचन छापलेली डायरी मिळते, तिच्यात फेब्रुवारीपासून दुधाचा हिशेब सुरू होतो. रोज लिहिलंच पाहिजे असं नाही, पण तारीख घाला. उजवा रकाना मोकळा सोडा आणि तो भरायची घाई करू नका. महिन्यातून एकदा मागची पानं वाचा. आणि एक कळकळीचं सांगते, दुसऱ्याच्या घरातलं लिहिलं असेल तर ती वही कुलपात ठेवा. ‘अमकीसाठी प्रार्थना करा’ म्हणत तिची अब्रू गावभर करणं मी आपल्याच मंडळ्यांत पाहिलंय. ते थांबलं पाहिजे.

वेळ संपली. बाहेरच्या टेबलावर आखलेल्या वह्या ठेवल्या आहेत, ज्यांना हव्यात त्यांनी न्या. कुणाला काही विचारायचं असेल तर चहाच्या वेळी मी इथंच आहे.