जिभेची वर्दी, आतड्याची पडताळणी

१८९५ साली अमेरिकेत नऊ वर्षांच्या एका मुलाने शिंपल्यांचं उकळतं सूप घाईत घोटलं. अन्ननलिका भाजली आणि जखम भरून येताना ती कायमची बंद झाली. डॉक्टरांनी पोटावर छिद्र करून थेट जठरात वाट काढून दिली. वैद्यकाला हा मुलगा ‘टॉम’ म्हणून माहीत आहे. पुढे १९४० च्या दशकात स्ट्युअर्ट वुल्फ आणि हॅरॉल्ड वुल्फ या डॉक्टरांनी त्याच्या जठराचा बारकाईने अभ्यास केला. टॉम प्रत्येक घास आधी तोंडात चावायचा, त्याची चव घ्यायचा आणि मगच पोटात सोडायचा. अन्न नुसतंच आत ओतलं, तर त्याची भूक भागत नसे. त्याच्या या सवयीमागचं शरीरशास्त्र मला आज तुमच्यासमोर मांडायचं आहे.

रशियन शरीरशास्त्रज्ञ पावलॉव्ह म्हटलं की आपल्याला घंटा आणि लाळ आठवते. पण १९०४ चं नोबेल त्याला मिळालं ते पचनावरच्या कामासाठी. त्याने कुत्र्याची अन्ननलिका गळ्याशी बाहेर उघडली. घास तोंडातून जायचा आणि गळ्यातूनच बाहेर पडायचा, पोटात कणही पोचत नसे. तरी काही मिनिटांत जठररस भरभरून वाहू लागे. मेंदूकडून पोटाकडे जाणारी व्हेगस नस कापली की तो थांबे. आपल्याही जेवणानंतरच्या आम्लापैकी सुमारे ३० टक्के आम्ल या वास-चवीच्या टप्प्यातलं असतं, असं पाठ्यपुस्तकं सांगतात.

त्याचा दुसरा प्रयोग मला जास्त मोलाचा वाटतो. कुत्र्याच्या नकळत पाव थेट जठरात टाकला, तर बराच वेळ रस सुटत नसे. मांसाचा अर्क टाकला, तर मात्र सुटत असे. म्हणजे पावाला तोंडाची शिफारस लागते, मांसाला तितकीशी लागत नाही. याचं कारण पुढे कळलं. प्रथिनांचे तुकडे आणि अमिनो आम्लं जठराच्या शेवटच्या भागातल्या पेशींना थेट कळतात, आणि त्या पेशी गॅस्ट्रिन हे संप्रेरक सोडतात. गॅस्ट्रिनमुळे आम्ल वाढतं. पिष्टाला ही सोय नाही.

तोंडाकडे परत येऊ. गोड चव जिभेवर आली की काही मिनिटांत, रक्तातली साखर वाढण्याच्या आधीच, थोडं इन्सुलिन सुटतं. हा प्रतिसाद लहान असतो आणि सगळ्यांत सारखा दिसत नाही. पॅन्क्रियाटिक पॉलिपेप्टाइड नावाच्या संप्रेरकात तोंडाचा प्रभाव जास्त स्पष्ट दिसतो. माणसाने अन्न चावून थुंकून टाकलं तरी ते रक्तात वाढतं. घन पदार्थ चावला तर चांगलं वाढतं, पेय नुसतं घोळवलं तर फारच कमी. स्निग्धाचं तर नवलच आहे. रिचर्ड मॅटीस या संशोधकाने लोकांना चरबी कॅप्सूलमधून गिळायला दिली, म्हणजे तिची चव लागणार नाही. मग त्यांना क्रीम चीज लावलेली बिस्किटं चावून थुंकायला सांगितली. चीज स्निग्ध असेल, तेव्हा रक्तातली ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातून फिरणारी चरबी, जास्त वाढली, स्निग्धांशाविना असेल तेव्हा तेवढी नाही. पोटात गेलेली चरबी तीच होती, फरक फक्त तोंडातल्या चवीचा होता.

पण संप्रेरकांचा मोठा साठा खाली आहे, आतड्यात. जीभ ही लग्नघरात ‘पाहुणे निघाले’ अशी वर्दी देणाऱ्या मुलासारखी आहे. पानं किती मांडायची, हे पाहुणे दारात आल्यावरच ठरतं. १९६४ मध्ये दिसून आलं की ग्लुकोज शिरेतून देण्यापेक्षा तोंडाने दिलं, तर इन्सुलिन कितीतरी जास्त सुटतं. ही जादा मागणी आतड्यातून जाते. वरच्या भागातल्या के पेशींतून जीआयपी आणि मुख्यतः खालच्या भागातल्या एल पेशींतून जीएलपी-१ ही इन्सुलिन वाढवणारी संप्रेरकं सुटतात. आज मधुमेहाच्या आणि वजनाच्या ज्या इंजेक्शनांची एवढी चर्चा आहे, ती याच जीएलपी-१ ची नक्कल करतात. आपलं स्वतःचं जीएलपी-१ रक्तात दोनेक मिनिटांत निम्मं होतं, म्हणून औषध टिकाऊ बनवावं लागलं.

२००७ च्या सुमारास संशोधकांना जिभेवरची गोड ओळखणारी यंत्रणा आतड्याच्या पेशींतही सापडली. मग साहजिक प्रश्न आला: साखरेऐवजी सुक्रालोज हा कृत्रिम गोड पदार्थ दिला तरी आतडं फसेल का? नळीने थेट जठरात सुक्रालोज सोडून पाहिलं. माणसांत जीएलपी-१ वाढलं नाही, इन्सुलिनही नाही. कारण एल पेशी गोडवा मोजत नाही. सोडियमच्या सोबतीने पेशीत प्रत्यक्ष शिरणारं ग्लुकोज तिला चेतवतं. स्निग्धाचंही असंच. तूप तसंच्या तसं आतड्याला कळत नाही. लायपेज या चरबी पचवणाऱ्या विकराने त्याचे तुकडे केले, बारा किंवा अधिक कार्बनांची मेदाम्लं मोकळी झाली, की मग कोलेसिस्टोकायनिन हे संप्रेरक सुटतं, पित्ताशय आकुंचन पावतं आणि पोट रिकामं होण्याचा वेग मंदावतो. लायपेज अडवणारं ऑर्लिस्टॅट हे औषध दिलं, तर तेच तूप असूनही हा संदेश क्षीण होतो.

म्हणूनच जेव्हा कोणी विचारतं, ‘फळ खाल्लं काय आणि रस प्यायला काय, साखर तीच ना?’ तेव्हा मी मान्य करत नाही. रस चावावा लागत नाही, त्यामुळे तोंडाची वर्दी अर्धीमुर्धी जाते, आणि तो पोटातूनही लवकर पुढे सरकतो.

एक आग्रह मात्र मला मनापासून धरायचा आहे. नळीतून आहार घेणाऱ्या रुग्णाला आपण कॅलरी मोजून देतो, पण त्याच्या तोंडाला काही मिळत नाही. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर च्युइंगम चघळायला दिलं, तर आतड्यांची हालचाल थोडी लवकर सुरू होते, असं अनेक चाचण्यांत दिसलं आहे. अकाली जन्मलेल्या बाळांना नळीने दूध देताना त्याचा वास आणि चव देण्याचे प्रयोगही चालू आहेत. तुमच्या घरात असा रुग्ण असेल, तर त्याच्या डॉक्टरांना आणि गिळण्याची तपासणी करणाऱ्या थेरपिस्टना विचारा: आहार सुरू करण्याआधी जिभेला चव लावता येईल का? पक्षाघाताच्या रुग्णाला चमचाभर पाणीसुद्धा श्वासनलिकेत जाऊ शकतं, तेव्हा त्यांच्या परवानगीशिवाय काही देऊ नका. ओठांशी वास धरायलाही आधी त्यांना विचारा, पण विचारा जरूर.