नाहीतर काय झालं असतं?

मुलांच्या शिक्षणासाठी काम करणाऱ्या तुमच्यापैकी बऱ्याच संस्थांचे वार्षिक अहवाल मी वाचलेत. किती कार्यशाळा झाल्या, किती मुलं आली, किती वह्या वाटल्या. देणगीदाराला हा हिशेब द्यावाच लागतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण वह्या वाटल्या म्हणून अक्षर सुधारत नाही. बरं, जूनमध्ये चाचणी घेतली, मार्चमध्ये पुन्हा घेतली आणि गुण वाढलेले दिसले, तरी घाईनं पेढे वाटू नका. मूल नऊ महिन्यांनी मोठं झालंय, शाळेत जातंय, एखादं क्लासलाही जात असेल. आपण गेलो नसतो तर ते किती शिकलं असतं? मूल्यमापनाचं सगळं घोडं इथेच अडतं.

त्यासाठी तुलनेला तशीच दुसरी मुलं लागतात. आणि कुठल्या मुख्याध्यापिकेला सांगणार, ‘बाई, तुमची शाळा नुसती तुलनेला’?

यावरची एक तोड इथे मुंबईतच वापरली गेली. ‘प्रथम’ संस्थेचा ‘बालसखी’ उपक्रम पालिका शाळांत चालायचा. बालसखी म्हणजे वस्तीतलीच शिकलेली मुलगी. ती मागे पडलेली पंधरा-वीस मुलं रोज दोन तास वर्गाबाहेर घेऊन बसायची. जागा मिळेल तिथे, व्हरांड्यातसुद्धा. २००१ ते २००३ या काळात अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी मुंबई आणि वडोदऱ्यात हा उपक्रम तपासला. अर्ध्या शाळांत एका इयत्तेला बालसखी, उरलेल्या शाळांत दुसऱ्या इयत्तेला. कुठल्या शाळेला काय, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. रिकाम्या हाती कोणतीच शाळा राहिली नाही, आणि प्रत्येक इयत्तेला तुलनेचा गट आपसूक मिळाला. साधी युक्ती आहे, पण ती काम सुरू होण्याआधी सुचायला हवी. वर्ष संपताना ‘आता मूल्यमापन करून द्या’ असा फोन येतो, तेव्हा मी तरी काय करणार?

दुसऱ्या वर्षाअखेर गुणांतली वाढ तुलनेच्या गटापेक्षा ०.२८ प्रमाण विचलन जास्त भरली. म्हणजे शंभर मुलांच्या रांगेत मधोमध उभं असलेलं मूल दहा-अकरा जणांना मागे टाकून पुढे गेलं, असं धरा. वाढ झाली ती बालसखीकडे गेलेल्या मुलांची. मूळ वर्गात उरलेल्यांना रोज दोन तास कमी गर्दी मिळत होती, तरी त्यांच्यात लक्षणीय फरक दिसला नाही. पट कमी झाला की शिक्षण सुधारतं असं आपण सगळेच छातीठोकपणे सांगतो, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

उपक्रम संपल्यावर वर्षानं हे संशोधक परत गेले. फायदा सुमारे ०.१ वर आलेला. होता, पण ओसरलेला. हा आकडा ऐकून कार्यकर्ते हिरमुसतात. मला मात्र ते परत गेले याचंच कौतुक वाटतं. आपला प्रकल्प मार्चमध्ये संपतो आणि पुढच्या मार्चला त्या मुलांचे पत्तेही आपल्याकडे नसतात. झोपडपट्टी उठलेली असते, निम्मी घरं पुनर्वसनात दूर कुठेतरी गेलेली असतात. म्हणून पुढचा प्रस्ताव लिहाल तेव्हा खर्चाच्या तक्त्यात एक ओळ वाढवा: वर्षानंतरची चाचणी, आणि मुलांना शोधायला लागणारं बसभाडं.