डबी हलवून बघ

(दृश्य : ताईंचे हात. रिकाम्या औषधाच्या डब्यांत चिंचोके पडतात.)

चार चिंचोके या डबीत, चार त्या डबीत. मोजूनच घालायचे. मग तांदूळ, दोन्हीकडे एकेक चमचा. मग वाळू, मग खडे. डब्या बाहेरून ओळखू येता कामा नयेत, म्हणून सगळ्यांना खाकी कागद. झाकणाला गोंद, वरून चिकटपट्टी, कारण तीन वर्षांचं मूल हाताला लागलेला दाणा आधी तोंडात घालतं, नाहीतर नाकात. गुंजा कितीही देखण्या असोत, इथे त्यांना मज्जाव. गुंज विषारी असते.

शेवटी डब्यांच्या बुडाला रंगाचे ठिपके. जोडीला एकच रंग.

(दृश्य : मुलगी डबी कानाशी धरून हलवते.)

डहाणू तालुक्यातली ही अंगणवाडी. हिला चिंचोक्यांची जोडी शोधायची आहे. एक डबी हलवली, ठेवली. दुसरी हलवली. नाही. पुन्हा पहिली. मनासारखी जोडी लागली की डब्या उलट्या करून ठिपके बघायचे. बरोबर की चूक हे तिचं तिलाच कळतं. ताई मध्ये बोलत नाहीत, आणि हे न बोलणं फार अवघड काम आहे.

(दृश्य : जुनी छायाचित्रं.)

या खेळाचं मूळ रोममध्ये आहे. 1907 साली तिथल्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत डॉ. मारिया मॉन्टेसरी यांनी ‘बालगृह’ नावाची लहान मुलांची शाळा उघडली. एका वेळी एकाच इंद्रियाला काम द्यायचं, बाकीचं सगळं सारखं ठेवायचं, हे त्यांचं सूत्र. आवाज ऐकायचा असेल तर रंग, आकार सगळं एकच. त्यांचा गुलाबी मनोरा म्हणजे लाकडाचे दहा घन, सर्वांत लहान 1 सेंटिमीटरचा, सर्वांत मोठा 10 सेंटिमीटरचा. फरक फक्त लहानमोठेपणाचा.

ही पद्धत गुजरातेत भावनगरला शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांनी उचलली, त्यांच्यासोबत ताराबाई मोडकांनी. 1926 मध्ये दोघांनी नूतन बालशिक्षण संघ काढला. पण सुबक लाकडी साहित्य महागडं. खेड्यातल्या मुलाने काय करायचं? ताराबाईंनी 1945 मध्ये इथेच डहाणूजवळ बोर्डीला काम सुरू केलं, शिक्षिका अनुताई वाघ सोबतीला आल्या आणि पुढे दोघी जवळच्याच कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. वारली पाड्यांवरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. साहित्य आजूबाजूलाच होतं : शंख-शिंपले, बिया, पानं, दगडगोटे. बालशिक्षणाला महागडी पेटी लागत नाही, हे या दोघींनी पाड्यावर बसून दाखवून दिलं.

(दृश्य : कापडी पिशवी. आत हात घातलेला मुलगा.)

पिशवीत शिंपला, नारळाची शेंडी, कापूस आणि नदीतला गोटा. आत बघायचं नाही.

ताई गोटा हातात देतात. “हा गुळगुळीत.” शेंडी देतात. “ही खरखरीत.” एवढंच. थोड्या वेळाने, “खरखरीत काय आहे, मला दे बघू.” हात पिशवीत चाचपडतो, शेंडी बाहेर येते. ताई आणखी थांबतात, मग गोटा त्याच्या तळव्यावर ठेवून विचारतात, “हा कसा लागतो रे?” नाव सांगायचं, नावावरून ओळखायला लावायचं, मग त्याच्याकडून नाव काढून घ्यायचं. या तीन पायऱ्यांत घाई केली की मूल अंदाजाने ठोकून देतं.

(दृश्य : वासाच्या वाट्या. मुलं ओळीने वाकतात.)

वाट्यांवर फडकी बांधली आहेत. ओवा. लवंग. हिंग, अगदी चिमूटभर, नाहीतर बाकी सगळे वास मारले जातात. आणि या वाटीत सुकट. समुद्रकाठच्या मुलांना ती ओळखायला फडकं सोडावं लागत नाही.

चवीला गूळ, मीठ, आमसूल, आणि भिजवलेला मेथीदाणा. तोंडं बघा.

(दृश्य : भिंतीवरचा तक्ता.)

डोळा, कान, नाक, जीभ, त्वचा. असा तक्ता बहुतेक बालवाड्यांत असतो आणि मुलं तालात म्हणतात, ‘नाकाने वास घेतो’. म्हणताना नाकाशी काहीच नसतं. तक्ता असू द्या, पण तो या वाट्यांनंतर. आधी नाकाला वास मिळू दे, मग चित्र.

पुढे ‘ब’ आणि ‘भ’ वेगळे ऐकू येण्यासाठी, दोन अक्षरांतला बारीक फरक दिसण्यासाठी हीच तयारी कामी येते.

(दृश्य : ताई फळीवरून डब्या काढतात.)

धान्याला पोरकिडे लागतात आणि डबीचा आवाज बदलतो, मग जोडी जमत नाही. म्हणून ताई मधून मधून प्रत्येक डबी स्वतः कानाशी धरून बघतात. तांदळाची ही जोडी आज फोडून पुन्हा भरायची आहे. मुलांना विचारलं, घरून मूठभर तांदूळ कोण आणणार? सगळेच हात वर.