उसाचा दर दिल्लीचा, हिशेब जिनिव्हाचा

कोल्हापूर-सांगलीकडची मोळी गव्हाणीत पडण्याआधीच तिचा किमान दर केंद्र सरकारने बांधलेला असतो. ही एफआरपी. 2025-26 च्या हंगामाला 10.25 टक्के उताऱ्यासाठी (उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण) टनाला 3,550 रुपये. दर सरकारचा, पैसे द्यायचे कारखान्याने, तेही 14 दिवसांत.

2019 मध्ये ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमालाने याच दरावरून भारताला जिनिव्हातल्या जागतिक व्यापार संघटनेत खेचलं.

संघटनेच्या शेती करारातला हिशेब असा: सरकारी दरातून 1986-88 चा संदर्भ दर (तेव्हाच्या आंतरराष्ट्रीय किमतीवरून ठरलेला) वजा करा, उरलेल्या फरकाला त्या दराला पात्र असलेल्या उत्पादनाने गुणा. ही रक्कम म्हणजे त्या पिकाला सरकारने दिलेला आधार. विकसनशील देशात ती त्या पिकाच्या एकूण उत्पादनमूल्याच्या 10 टक्क्यांच्या आत हवी. खत, डिझेल, तोडणी सगळं महागलं, संदर्भ दर तिथेच गोठलेला. एफआरपी वाढली की फरक फुगतो आणि मर्यादा मोडते. हा धडधडीत अन्याय आहे. पण 1994 मध्ये माराकेशला करारावर भारतानेही सही केलेली आहे.

‘पैसे कारखाने देतात, सरकार नाही,’ हा भारताचा बचाव. 14 डिसेंबर 2021 च्या अहवालात संघटनेच्या पॅनेलने, म्हणजे वाद ऐकणाऱ्या तज्ज्ञांच्या समितीने, तो फेटाळला. दर कायद्याने बांधलेला असला की सरकारने स्वतः खरेदी केली नाही तरी तो आधारच धरला जातो. 2014-15 पासूनचे सलग पाच हंगाम मर्यादेबाहेर ठरले.

भारताने अपील केलं. ते ऐकायला संघटनेच्या अपील पीठाचे तीन सदस्य लागतात. अमेरिकेने नेमणुका अडवल्याने डिसेंबर 2019 पासून तेवढे उरलेलेच नव्हते. निकाल लटकला.

तो लागू झाला असता तरी जिनिव्हातून एफआरपी रद्द होत नाही. भारताने निकाल पाळला नाही, तर जिंकलेल्या देशाला भारतीय मालावर जादा आयात शुल्काची परवानगी मिळू शकते. ते साखरेवरच बसेल असंही नाही. उसाच्या दराचा भुर्दंड कापडाला किंवा औषधांना पडू शकतो.

संघटना सोडायला सहा महिन्यांची नोटीस पुरते. पण मग इतर सदस्यांइतकंच शुल्क आपल्या मालाला लागेल, ही हमीही जाते.

आणि अपिलाचं रिकामं पीठ नेहमी आपल्याच पथ्यावर पडत नाही. अमेरिकेतल्या काही राज्यांच्या अपारंपरिक ऊर्जेच्या अनुदानांविरुद्ध 2019 मध्ये पॅनेलपुढे भारत जिंकला. अमेरिकेने अपील केलं, तेही लटकलं. अखेर 2023 मध्ये दोन्ही देशांनी इतर वादांसोबत तो आपसात मिटवला.