बी-बाराच्या घरातला उतारा

नमस्कार मंडळी. मी डॉक्टर नाही हां, आधीच सांगून टाकतो. नाशिकच्या अंबड-सातपूरला प्लेटिंगच्या, म्हणजे धातूवर मुलामा चढवायच्या, शेडमध्ये वीसेक वर्षं काढली, आता तिथल्या पोरांना सेफ्टी शिकवतो. तिथल्या टाक्यांत सायनाइड असतं, त्यामुळे आज त्याबद्दल बोलणारे. सिनेमात कॅप्सूल चावली की माणूस दोन सेकंदात आडवा होतो ना, तेच लोकांच्या डोक्यात बसलंय, की सायनाइड म्हणजे खेळ खलास. तसं नाहीये, वेळेत मिळाला तर उतारा आहे.

होतं काय, श्वास चालू असतो, रक्तात ऑक्सिजनही असतो, पण पेशीतल्या एका एन्झाइमच्या लोहाला सायनाइड जाऊन चिकटतं आणि पेशीला तो ऑक्सिजन वापरताच येत नाही. ताट वाढलंय पण घास गिळता येत नाही, असं. म्हणून बोटाला लावायच्या क्लिपवर आकडा चांगला दिसला तरी हुरळून जायचं नाही.

जुना उतारा 1933 सालापासूनचा, आधी सोडियम नायट्राइट मग सोडियम थायोसल्फेट, दोन्ही शिरेतून. नायट्राइट थोड्या हिमोग्लोबिनचं रूप बदलतं आणि सायनाइड पेशी सोडून तिकडे ओढलं जातं, थायोसल्फेट गंधक पुरवतं, मग त्याचं थायोसायनेट होऊन लघवीवाटे निघून जातं. पण गादीचा फोम, प्लास्टिक जळलं की त्या धुरातही सायनाइड असतं, सोबत कार्बन मोनॉक्साइड, तो आधीच हिमोग्लोबिन अडवून बसलेला, आणि अशा पेशंटचं आणखी हिमोग्लोबिन अडकवणं धोक्याचं.

तिथे कामाला येतं हायड्रॉक्सोकोबालामिन, मोठ्या माणसाला 5 ग्रॅम, साधारण 15 मिनिटांत शिरेतून. गडद लाल औषध. हे बी-बारा जीवनसत्त्वाच्याच घरातलं, सायनाइडला धरतं आणि त्याचं सायनोकोबालामिन होतं, म्हणजे चक्क बी-12! लघवी लाल, कातडी लाल, घरचे घाबरतात, पण तो औषधाचाच रंग. आणि घरातल्या बी-12च्या गोळ्या खाऊन काही होणार नाही बरं का, हजार मायक्रोग्रॅमची गोळी धरली तर 5 ग्रॅम म्हणजे तिच्या पाच हजार पट.

आता माझीच चूक सांगतो. एक पोरगा टाकीजवळ कोसळला, मी 108 ला फोन लावला आणि म्हणालो, "चक्कर येऊन पडलाय." सायनाइड हा शब्दच तोंडातून निघाला नाही, कारखान्याचं नाव खराब होईल म्हणून असेल, भीतीनं असेल, काय माहीत. पुढे डॉक्टर ऊन लागलंय का, शुगर कमी झालीय का हेच बघत बसले, त्यांनी तरी काय करायचं. ड्रमच्या लेबलचा फोटो मागाहून पोचला. पोरगा वाचला, पण माझ्यामुळे गेलेली ती मिनिटं अजून डोळ्यापुढून जात नाहीत.

बाकी एवढं ध्यानात ठेवा, हवेच्या सिलिंडरवाला मास्क नसेल तर वाचवायला आत धावू नका, दुसरा पण पडतो. कडू बदामाच्या वासावर तर भरवसाच नको, कित्येकांना तो जन्मतःच येत नाही. माणूस मोकळ्या हवेत आला की भिजलेले कपडे काढा, अंगावर पाणी ओता, स्वतःचे हात सांभाळून, आणि तोंडाला तोंड लावून श्वास देऊ नका.

आता दर महिन्याला पोरांकडून मी तो फोन मोठ्यानं बोलून घेतो. पोरं हसतात, पण बोलतात: "हॅलो, अंबड एमआयडीसी, प्लेटिंगची शेड, सायनाइड लागलंय, एक माणूस."