शिळेवर नाव कोरण्याआधी

श्रोतेहो, नमस्कार. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर-निपाणी पट्ट्यात गावच्या जवानांचं स्मारक बांधायचं ठरलं, की पहिली बैठक वर्गणीवर होते. ती नावांच्या वहीवर व्हायला हवी. दगड, सिमेंट, गवंडी पैशानं मिळतात. घरोघरी जाऊन नावं पडताळणारा चिकाटीचा कार्यकर्ता शोधावा लागतो.

त्याच्या वहीत प्रत्येक जवानाला एक पान. नाव, वडिलांचं नाव, सेवा क्रमांक, हुद्दा, पलटण, तारीख. आधार डिस्चार्ज बुकाचा, म्हणजे सैन्यातून सुटताना मिळणाऱ्या सेवेच्या नोंदवहीचा, किंवा पेन्शनच्या कागदाचा, पारावरच्या आठवणींचा नव्हे. कागद इंग्रजीत असतात आणि इंग्रजीला ‘ळ’ नाही. काळे की काले, हे घरच्यांनाच विचारावं लागतं. कन्नडात मात्र ‘ळ’ आहे. म्हणून कन्नड मजकूर मराठीवरून करून घ्या, इंग्रजीवरून नको.

आपला जिल्हा 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत मुंबई राज्यात होता, तेव्हा जुन्या नोंदी मुंबईखाली बघा. महायुद्धांत पडलेल्यांसाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या यादीत नावानं शोध घेता येतो. स्पेलिंग चार-पाच तऱ्हांनी घालून पाहा. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावातच आहे, पण गावचा प्रत्येक जवान मराठा पलटणीतलाच असेल असं नाही. सिग्नलवाल्याची, म्हणजे सैन्याच्या संदेशवहन दलातल्या जवानाची, चौकशी जबलपूरला करावी लागते.

मजकूर घरोघरी वाचून दाखवा, सही घ्या. कोरणाऱ्याच्या संगणकावर फॉन्ट बदलला की जोडाक्षरं फुटतात, म्हणून त्याच्याकडून खऱ्या मापाची छापील प्रत मागवून पुन्हा तपासा. नावांचा क्रम तारखेनं लावा. हुद्द्यानं लावला की भावकीत कुरबूर होते. अशोकस्तंभाची राजमुद्रा मात्र कोरू नका, 2005 च्या कायद्यानं तिच्या वापरावर बंधन आहे.

आता बांधकाम. काळ्या मातीत मुरूम लागेपर्यंत खोदा. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि चौथरा तडकतो. काँक्रीटला 1 घमेलं सिमेंट, दीड घमेलं वाळू, 3 घमेली खडी. निदान 7 दिवस पाणी मारा. ग्रॅनाइटची शिळा 20 मिलिमीटरची घ्या, आणि नुसती सिमेंटवर चिकटवू नका. मागं पाणी शिरलं की अक्षरांवर पांढरा खार उतरतो. स्टेनलेस स्टीलच्या खुंट्या घाला. साधं लोखंड गंजून फुगतं आणि शिळेचा कोपरा उडवतं. अक्षर 25 मिलिमीटर उंच, 3 मिलिमीटर खोल असावं, नाहीतर अनुस्वार दिसत नाहीत. सोनेरी रंग पावसात टिकत नाही, खोली टिकते.

उद्घाटनाला 26 जुलै, म्हणजे कारगिल विजय दिवस, बहुतेकांना हवा असतो. मग शिळा मे अखेर बसलीच पाहिजे. खानापूरच्या जुलैतल्या पावसात गवंडी काय करणार?

शिळेवर तळाशी चार ओळी कोऱ्या ठेवा. उद्घाटनानंतर कुणीतरी आजोबांचं डिस्चार्ज बुक घेऊन येतंच.